गेम बनवायचं स्वप्न होतं, आता गेम उघडावासाही वाटत नाही

ताई,

मी २७ वर्षांचा आहे. एका मोठ्या गेम स्टुडिओत चार वर्षांपासून गेमप्ले प्रोग्रामर आहे. शाळेत असताना एका गेमचा लेव्हल एडिटर, म्हणजे त्यातले टप्पे स्वतः बनवायचं साधन, हाती लागलं आणि तेव्हापासून दुसरं काही करायचं डोक्यातच आलं नाही. इथे आल्यावर पहिली अडीच वर्षं ज्या गेमवर घालवली, तो रद्द झाला. टीममधल्या निम्म्या लोकांना एका सकाळी काढून टाकलं. मी वाचलो. मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं आणि तेव्हापासून मी बक्षिसाच्या पेट्या उघडण्याची स्क्रीन आणि गेममधल्या दुकानाचा मेनू एवढंच करतोय. दोन महिने झाले, शनिवारीही काम चालू आहे. मी विषय काढला, तर टीमचा लीड म्हणाला, "ज्याला खरंच आवड आहे तो घड्याळाकडे बघत नाही."

मध्ये एकदा दुसऱ्या टीमला मदत म्हणून मुख्य पात्राची उडी नीट करून दिली. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम बटण चालू ठेवलं, उतरताना गुरुत्वाकर्षण जरा वाढवलं, आणि उडी एकदम हाताला पटली. त्या रात्री घरी जायचं भान राहिलं नाही. पण असा दिवस वर्षातून एखादा.

घरी आल्यावर मी आता एकही गेम खेळत नाही. गेमशी संबंध नसलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळतेय. पगार जास्त, सुट्ट्या नेमाने. घ्यावीशी वाटते आणि लगेच स्वतःची लाज वाटते. माझी आवड खोटीच होती का? की मीच कमी पडलो?

– एकेकाळचा गेमवेडा

प्रिय मित्रा,

तुझी आवड खोटी नव्हती आणि तू कमीही पडलेला नाहीस. हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही. तुझ्याच पत्रात त्याचा पुरावा आहे, तो तुझ्या नजरेतून सुटलाय एवढंच.

मेनूबद्दल तू लिहिलंस ते उरकून टाकल्यासारखं. लीडबद्दल लिहिलंस ते दुखावून. पण उडीपाशी आलास आणि तुझा सूरच बदलला. किती फ्रेम, गुरुत्वाकर्षण कुठे वाढवलं, हाताला कधी पटलं. ज्याचं या कामावरून मन खरोखर उडालंय, त्याला उडी हाताला पटते म्हणजे काय हे आठवायचीही इच्छा होत नाही. तू तर इतक्या वैतागाच्या पत्रात त्यासाठी जागा काढलीस.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. फ्रेम म्हणजे पडद्यावर झरझर बदलणाऱ्या चित्रांपैकी एक चित्र. कड्याच्या टोकावरून उडी मारताना खेळाडूचं बोट बहुतेक वेळा किंचित उशिरा पडतं. कठोर नियम लावला तर पात्र तेव्हा हवेत गेलेलं असतं, उडी लागता कामा नये. पण चांगला प्रोग्रामर तिथे सेकंदाच्या छोट्याशा अंशाची सवलत ठेवतो. बोट उशिरा पडलं तरी उडी लागते. याला कोयोटी टाइम म्हणतात. 'सेलेस्ट' हा २०१८ चा गेम अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यात अशा कितीतरी सवलती लपवलेल्या आहेत. तो बनवणाऱ्या मॅडी थॉर्सन यांनी त्या नंतर एकेक करून उघड सांगितल्या. खेळणाऱ्याला त्या दिसत नाहीत. त्याला फक्त जाणवतं की हा गेम आपलं ऐकतो. अनोळखी माणसाच्या बाजूने असं गुपचूप उभं राहण्यात तुला रात्रीचं भान राहिलं नाही. हे काम तुझं आहे, यात मला शंका नाही.

मग घरी गेल्यावर गेम का उघडवत नाही? कारण शाळेत असताना जी एकच आवड वाटत होती, तिच्यात तीन वेगवेगळ्या ओढी मिसळलेल्या होत्या. एक खेळण्याची, एक बनवण्याची, आणि तिसरी त्या लोकांत सामील होण्याची; ज्यांची नावं गेम संपल्यावर पडद्यावर सरकत जातात, त्यांच्यापैकी एक होण्याची. तेव्हा त्या वेगळ्या करायची गरजच नव्हती. नोकरी लागली की त्या आपोआप सुट्या होतात आणि तिघींचं पुढे वेगवेगळं होतं.

खेळण्याची ओढ या धंद्यात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची काही काळ तरी मंदावते. शिंप्याला दुसऱ्याच्या अंगावर सदरा दिसत नाही, शिवण दिसते, तसं होतं. दिवसभर बग शोधून आलेल्या माणसाला संध्याकाळीही दरवाजा उघडताना झालेला फ्रेमचा अडखळा दिसतो, मेनूमधली घाई दिसते. मी बरीच वर्षं स्टुडिओंमध्ये प्रोड्यूसर म्हणून वेळापत्रकं आखली. त्या काळात माझ्याभोवतीची कितीतरी गुणी माणसं घरी गेल्यावर चित्रं काढायची, पोहायची, बागेत खपायची, आणि गेमच्या नावाने गप्प असायची. त्यातली बरीच पुन्हा खेळायला लागली, पण थकवा उतरल्यावर. तेव्हा या लक्षणावरून निदान करू नकोस.

बनवण्याची ओढ शाबूत आहे, ते उडीवरून दिसलं. मोडलीय ती तिसरी. त्या जगात सामील होण्याबद्दलचा तुझा विश्वास तुटलाय, आणि तो तुटायला सबळ कारणं घडली आहेत.

रद्द झालेल्या गेमबद्दल तू एक वाक्य लिहिलंस आणि पुढे गेलास. मला तिथे थांबावंसं वाटतं, कारण या क्षेत्रातलं हे सर्वात न बोललेलं दुःख आहे. अडीच वर्षं. त्या गेममधल्या गल्ल्या तुला पाठ असतील. कुठल्या खोलीत प्रकाश चुकीचा पडायचा, कुठला शत्रू भिंतीत अडकायचा, हे सगळं. आणि ते जगात कुणीच पाहणार नाही. गोपनीयतेच्या करारामुळे तू ते कुणाला दाखवू शकत नाहीस, कित्येकदा नाव घेऊ शकत नाहीस. चित्रपट पडला तरी निदान पडलेला चित्रपट असतो. रद्द झालेला गेम बाहेरच्यांसाठी कधी नव्हताच. वर सोमवारी नवीन प्रोजेक्टच्या बैठकीला उत्साहाने बसायचं असतं. ज्यांच्याबरोबर तू तो बनवलास, त्यातली निम्मी माणसं दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती, म्हणजे ज्यांच्यापाशी हे बोलता आलं असतं तीही गेली. यानंतर माणूस एक वर्ष कोरडाठाक राहिला तर त्यात नवल नाही. तू अजून त्या गेममधून बाहेर आलेला नाहीस, असं मला तुझं पत्र वाचताना वाटत राहिलं.

आणि वाचलो म्हणून मनात जे अपराधीपण बसलंय (तू लिहिलं नाहीस, पण "मी वाचलो" एवढं तोडून लिहिलंस), त्याविषयी. कुणाला ठेवलं आणि कुणाला काढलं यावरून कामाची प्रत ठरत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये या क्षेत्रात कपातीची लाटच आली. जानेवारी २०२४ मध्ये गेम बनवायचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या युनिटी कंपनीने सुमारे १८०० लोकांना कमी करायचं जाहीर केलं, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने गेम विभागातली १९०० पदं काढली, ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीची ६८.७ अब्ज डॉलरची खरेदी पूर्ण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. महासाथीच्या काळात घरी बसलेल्या जगाने खूप गेम खेळले, कंपन्यांनी तीच मागणी कायम राहील असं धरून भरती केली. पुढे मागणी ओसरली, व्याजदर चढले, एकेका गेमचं बजेट आवाक्याबाहेर गेलं. 'हाय-फाय रश' हा जानेवारी २०२३ मध्ये आलेला गेम लोकांना आवडला, त्याला पुरस्कार मिळाले. तरी मे २०२४ मध्ये तो बनवणारा टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने जाहीर केला. पुढे ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कंपनीने तो स्टुडिओ आपल्याकडे घेतला म्हणून निभावलं. उत्तम गेम बनवूनही हे होतं. तुझ्या मित्रांचं गेलं, तुझं राहिलं, यात तुमच्यापैकी कुणाच्याही लायकीचा निवाडा नाही.

आता तुझ्या लीडच्या वाक्याकडे येते. ते वाचून मला राग आला आणि तो मी लपवणार नाही. हे वाक्य म्हणणारा माणूस वाईटच असेल असं नाही. त्यालाही कुणीतरी तेच ऐकवलेलं असतं, त्याच्याही डोक्यावर तारीख असते. पण ते वाक्य करतं काय ते बघ. तू वेळापत्रकाबद्दल विचारलंस, उत्तर तुझ्या मनाबद्दल मिळालं. काम किती आहे, माणसं किती, तारीख कुणी ठरवली, शनिवारचे पैसे मिळणार का, हे सगळे प्रश्न बाजूला पडले आणि तुझी आवड चौकशीला उभी राहिली. त्यानंतर तू शनिवार मागणं म्हणजे आवड नाही हे कबूल करणं.

हे तुझ्याच स्टुडिओत होतं असं नाही, गेमपुरतंही नाही. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेली एक अभ्यासमालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्मचाऱ्याला कामाची मनापासून आवड आहे असं कळलं, की त्याला बिनपगारी जादा काम सांगणं, घरच्यांचा वेळ त्याच्याकडून घेणं, त्याच्या कामात न बसणारी कामं त्याच्या गळ्यात घालणं लोकांना जास्त रास्त वाटायला लागतं, असं त्यात दिसलं. मनातलं गणित असं की त्याने हे आपण होऊनही केलंच असतं, आणि काम हेच त्याचं बक्षीस आहे. म्हणजे तुझी आवड जितकी दिसेल तितकं तुझ्याकडून मागणं सोपं होतं. गेमच्या क्षेत्रात दाराबाहेर नेहमी रांग असते, त्यामुळे हे अधिकच चालतं.

२००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीत काम करणाऱ्या एका माणसाची जोडीदार, एरिन हॉफमन हिने नाव न देता एक जाहीर पत्र लिहिलं. आधी ठराविक आठवड्यांपुरतं म्हणून सुरू झालेलं जादा काम मग कसं संपतच नाही, घरी येणारा माणूस कसा उरतच नाही, हे तिने मांडलं. पुढे खटले झाले आणि कंपनीने तडजोडीत चित्रकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रामरना १ कोटी ४९ लाख डॉलर दिले. त्या लोकांचं गेमवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेम होतं, आणि शिवाय ओव्हरटाइमचे पैसेही त्यांचे होते.

वेळापत्रक आखणारी म्हणून मी तुला एवढं खात्रीने सांगू शकते की दोन महिने चालणारा क्रंच, म्हणजे मुदत गाठायला सलग करावं लागणारं जादा काम, हा कर्मचाऱ्याच्या उत्साहाचा विषय नसतो. तारीख आधी जाहीर होते, मग गेममध्ये गोष्टी वाढत जातात, कुठलीही कापायला कुणी तयार होत नाही, आणि उरलेला फरक माणसांच्या शनिवारांतून भरून काढला जातो. बरं, त्याने गेम तरी वाचतो का? 'सायबरपंक २०७७' बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. गेम १० डिसेंबरला आला तो जुन्या कन्सोलवर इतका मोडका, की आठवडाभराने सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि खेळाडूंना पैसे परत द्यायला सुरुवात केली. पुढच्या जूनपर्यंत तो तिथे परतला नाही. आज लोक त्या गेमचं कौतुक करतात ते नंतरच्या जवळपास तीन वर्षांच्या दुरुस्तीमुळे. गेमला वेळ हवा होता आणि तो शेवटी द्यावाच लागला. दमलेला प्रोग्रामर बग जन्माला घालतो, हे तू रात्री अकरा वाजता लिहिलेला कोड सकाळी उघडून पाहिला असशील तर तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मी जरा जपून विचारते, कारण इथे मी तुझ्या पत्रात नसलेलं वाचत असेन. तुला मेनूचा कंटाळा आलाय, की तो मेनू ज्यासाठी आहे त्याचा? मोठ्या स्टुडिओत शेकडो माणसं असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला छोटा तुकडा येतो. कुणीतरी मेनू करायलाच हवा, आणि चांगला मेनू करण्यात कसब आहे. पण बक्षिसाची पेटी उघडताना पडद्यावर जी लखलख होते, पेटी उघडण्याआधी जो क्षणभराचा ताण ठेवला जातो, तो कशासाठी ठेवतात हे तुला माहीत आहे. पैसे घेऊन काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या अशा पेट्या बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये तिथल्या कायद्यानुसार बेकायदा ठरवल्या. उडीच्या सवलतीत तू खेळाडूच्या बाजूने उभा होतास. पेटीच्या स्क्रीनवर तुला त्याच्या समोर उभं केलंय. तुझी चीड इथून येत असेल तर ती थकवा समजून झटकू नकोस. ती तुझ्या कारागिरीचाच भाग आहे आणि पुढची जागा निवडताना ती उपयोगी पडेल.

लाजेबद्दल बोलते, कारण खरा अडसर तोच आहे असं मला वाटतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये आवडीचे दोन प्रकार मांडले. एका प्रकारात माणूस आवडीचं काम करतो आणि ते बाजूलाही ठेवू शकतो, त्याच्या बाकीच्या आयुष्याशी त्या कामाचं भांडण नसतं. दुसऱ्यात स्वतःची किंमतच त्या कामाला बांधलेली असते. मग ते सोडलं तर आपण कोण, ही भीती माणसाला तिथे धरून ठेवते, काम त्रास देत असलं तरीही. हे दोन्ही एकाच माणसात कमीजास्त असतात. उडीच्या रात्री तू पहिल्या प्रकारात होतास. नोकरीचं पत्र हातात आल्यावर जी लाज वाटली, ती दुसऱ्यातून आली. लहानपणापासून सगळे तुला गेमवाला म्हणून ओळखतात, तूही स्वतःला तसाच ओळखतोस, म्हणून पगार आणि सुट्ट्यांचा साधा विचार तुला फितुरीसारखा वाटतोय. शाळेतल्या मुलाने केलेला निश्चय सुंदर होता. पण त्याला क्रंच माहीत नव्हता, कपात माहीत नव्हती. त्याला जे माहीत नव्हतं त्याच्या आधारे आज तू वेगळं ठरवलंस, तर त्या मुलाचा विश्वासघात होत नाही.

आता सल्ला. आधी लीडकडे, किंवा त्याच्याही वरच्या माणसाकडे, स्पष्ट मागणी कर: मला पात्राच्या हालचालीच्या, गेमप्लेच्या टीममध्ये काम हवंय, कधीपासून मिळेल? आणि शनिवार कधी थांबणार? बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठव. तारखेसकट उत्तर आलं, तर थांबण्याचा विचार कर. "हा गेम आधी बाहेर जाऊ दे, मग बघू" असं आलं, तर ते उत्तर नकार समजून दुसरी नोकरी घे. खरं सांगायचं तर मला या दुसऱ्या उत्तराचीच शक्यता जास्त वाटते, आणि तू ती नोकरी घेतलीस तर मला आनंद होईल. तुला झोप हवी आहे, थोडे साठवलेले पैसे हवे आहेत आणि तुझ्या आवडीची रोज परीक्षा न घेणारी माणसं हवी आहेत. प्रोग्रामिंगचं कसब गंजत नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचण्या कशा लिहितात, मोठा कोड वर्षानुवर्षं कसा सांभाळतात, हे शिकून परतलेला माणूस स्टुडिओला हवाच असतो.

एक मात्र करू नकोस. वैतागाच्या भरात नोकरी सोडून, साठवणीवर, एकट्याने स्वतःचा मोठा गेम बनवायला बसू नकोस. तुझ्या वयाच्या प्रत्येक निराश गेमवाल्याला 'स्टारड्यू व्हॅली'ची गोष्ट सांगितली जाते. एरिक बॅरोनने तो एकट्याने बनवला, २०१६ मध्ये आला, कोट्यवधी प्रती खपल्या, सगळं खरं. पण त्याला सुमारे साडेचार वर्षं लागली, त्या काळात तो एका थिएटरमध्ये अर्धवेळ काम करत होता आणि त्याच्या जोडीदाराच्या कमाईचा मोठा आधार होता, हेही तितकंच खरं आहे. २०२४ या एका वर्षात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात १८ हजारांहून जास्त गेम आले. जे खपतं त्यातूनही साधारण ३० टक्के स्टीमकडे जातात. या गर्दीत उतरायला हरकत नाही, पण घरभाडं त्यावर अवलंबून ठेवून नको. पैशाची धास्ती असली की उडी हाताला पटेपर्यंत बसायची चैन परवडत नाही, आणि तुला तर तीच हवी आहे.

नवीन नोकरीत गेलास तरी पहिले काही महिने गेम बनवायचं नावही काढू नकोस. खेळायचं झालं तर तुझ्या कामाशी मुळीच न जुळणारं काहीतरी घे. कोड्यांचा छोटा गेम, किंवा कुणाबरोबर तरी समोरासमोर बसून खेळायचा बोर्ड गेम. हात आपोआप वळवळायला लागले की मग एखाद्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, भाग घे. लुडम डेअरच्या एका प्रकारात ४८ तासांत एकट्याने गेम करायचा असतो. ग्लोबल गेम जॅममध्ये अनोळखी लोकांबरोबर टीम करता येते. मुदत कमी, म्हणून कुणी परिपूर्णता मागत नाही, आणि शेवटी कितीही वेडंवाकडं असलं तरी काहीतरी पूर्ण झालेलं, लोकांना खेळता येणारं हातात असतं. अडीच वर्षांचं काम गिळलं गेलेल्या माणसाला या पूर्ण होण्याची किती गरज असते हे तुला मी सांगायला नको. वर ज्याचं नाव घेतलं तो 'सेलेस्ट'सुद्धा आधी असाच चार दिवसांत केलेला छोटा गेम होता. तुझा तसा मोठा व्हायची गरज नाही. त्यात एक उडी असू दे, आणि ती तुझ्या मनासारखी होईपर्यंत तुला हवा तेवढा वेळ घे.

कधी परतावंसं वाटलं तर छोट्या आणि मध्यम स्टुडिओंकडे बघ, आणि मुलाखतीत त्यांनी तुला जितके प्रश्न विचारले तितके तूही विचार. मागच्या गेमचे शेवटचे तीन महिने कसे गेले? जादा कामाचा मोबदला पैशात मिळाला की सुट्टीत? तारीख चुकायला लागली तेव्हा गेममधून काय कापलं? मला वाटतं या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वात जास्त सांगून जातं. जिथे कापलेल्या गोष्टींची यादी लगेच तोंडावर येते तिथे कुणीतरी वेळापत्रकाची जबाबदारी घेतलेली असते. कामगार संघटना आहे का हेही विचारायला आता संकोच नको. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअरच्या टेस्टरनी मतदान करून संघटना केली, त्यानंतर इतर स्टुडिओंतही त्या होत गेल्या.

सध्याची जागा सोडण्याआधी काही कागद मात्र नीट वाच. चालू गेम बाहेर येण्याआधी निघालेल्यांची नावं श्रेयनामावलीत घेतात की नाही, हे लेखी विचारून ठेव. याबाबत प्रत्येक स्टुडिओचा नियम वेगळा असतो आणि तू गेल्यावर तुझ्यासाठी कुणी भांडणार नाही. रद्द झालेल्या गेममधलं काही, निदान तू लिहिलेल्या हालचालीचा एखादा व्हिडिओ, खासगीत नोकरीसाठी दाखवायची परवानगी मिळते का तेही विचार. मिळाली तर तीही लेखी घे. नव्या कंपनीच्या करारात, फावल्या वेळात तू बनवलेल्या गोष्टींवर मालकी कुणाची, हे कलम शोध. ते सगळं कंपनीचं असं लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी छंद म्हणून केलेले गेम त्यातून वगळायला सांग. बहुतेक ठिकाणी हे मागितलं तर मिळतं, सही झाल्यावर मात्र अवघड जातं.

आणि या आठवड्यात जमलं तर त्या रद्द झालेल्या गेममधल्या, काढून टाकलेल्या मित्रांपैकी दोघातिघांना फोन कर. ते आता कुठे आहेत, कसे आहेत ते विचार, आणि त्या गेमबद्दल मनसोक्त बोला. तुमच्यातल्या कुणाला तो गेम काय होता हे समजावून सांगावं लागणार नाही.

– तुझी ताई